पोर्ट २२०, इंटरप्ट ५

जुना कॉम्प्युटर गेम खेळायचा म्हणजे आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. आजकालचे गेम फार तर ईमेल विचारतात, वय विचारतात आणि हळूच क्रेडिट कार्डाचा नंबर मागतात. १९९३ चा गेम असल्या फालतू चौकशा करत नाही. तो विचारतो, साउंड कार्ड कोणतं? ते सांगितलं की पोर्ट कितीवर आहे? मग इंटरप्ट कोणता? डीएमए चॅनेल? आमचं लग्न ठरताना पत्रिका बघणाऱ्या गुरुजींनीही इतकं खोलात जाऊन विचारलं नव्हतं.

बरं, गंमत अशी की माझ्या लॅपटॉपमध्ये ते कार्ड नाहीच. कुणाच्याच लॅपटॉपमध्ये नसतं. डॉसबॉक्स नावाचा एम्युलेटर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, 'कार्ड आहे' असं नाटक करतो, गेम ते खरं मानतो, आणि मधल्या मध्ये मला साक्ष द्यावी लागते. म्हणजे तिघांनी मिळून खोटं बोलायचं, आणि ते तंतोतंत एकसारखं बोलायचं. एकाने जरी आकडा फिरवला तरी आवाज बंद.

डूम, म्हणजे राक्षसांवर गोळ्या झाडायचा तो १९९३ चा गेम, खेळायचं माझ्या डोक्यात आलं ते एका शनिवारी रात्री. त्याचा पहिला भाग कंपनीने तेव्हाही फुकटच वाटला होता, त्यामुळे उतरवून घेताना मनाला टोचणी नव्हती. घोडबंदर रोडवर ट्रकांची रांग लागायच्या आत निवांत तासभर खेळावं, एवढीच अपेक्षा. गेम लगेच सुरू झाला. पिस्तूल धरलेला हात दिसला, खालच्या पट्टीत तो रागावलेला चेहरा दिसला. आवाज मात्र नाही.

"बाबा, हा गेम ब्राउझरमध्ये चालतो," मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "आवाजासकट. काही सेट करावं लागत नाही."

हे मला माहीत होतं. या गेमचा सोर्स कोड १९९७ मध्येच सगळ्यांना खुला केलाय आणि तेव्हापासून लोकांनी तो मिळेल त्या यंत्रावर चालवून दाखवलाय. पण काही सेट करावं लागत नाही, तर मग त्यात मजा काय? हे कॉलेजात जाणाऱ्या मुलाला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी सेटअप उघडला.

निळ्या पडद्यावर कार्डांची यादी आली. पीसी स्पीकर, ॲडलिब, साउंड ब्लास्टर, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड, जनरल मिडी, साउंड कॅन्व्हास. हा सगळा इतिहास आहे आणि तो मला अस्मादिकांच्या पगाराच्या तारखेपेक्षा जास्त पाठ आहे. ॲडलिब ही कॅनडाची कंपनी. तिने १९८७ मध्ये यामाहाची एक चिप कार्डावर बसवली आणि जो पीसी तोवर नुसता टुकटुक करत होता, तो एकदम नऊ सुरांत वाजू लागला. दोन वर्षांनी सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर काढलं. त्यात यामाहाची तीच चिप घातली, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेले गेम आपोआप वाजायची सोय झाली; वर बंदुकीचे, किंकाळ्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवायची सोय केली, आणि शिवाय जॉयस्टिक लावायला जागा दिली. १९९२ मध्ये ॲडलिबचं दिवाळं वाजलं. दुकानदारीचा इतका पक्का धडा मला कुठल्या मॅनेजमेंटच्या वर्गात मिळाला नाही.

डॉसमध्ये, म्हणजे तेव्हाचे हे गेम ज्यावर चालायचे त्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, आवाजाची मध्यवर्ती सोयच नव्हती, हे या सगळ्या चौकशीचं मूळ. प्रत्येक गेमवाल्याने प्रत्येक कार्डाशी स्वतः बोलायचं. कार्ड कुठल्या पत्त्यावर ऐकतंय तो पोर्ट. साउंड ब्लास्टरचा नेहमीचा २२०. मेमरीतून आवाज थेट कार्डाकडे नेणारा रस्ता म्हणजे डीएमए, तो बहुतेक १. आणि 'दिलेला तुकडा वाजवून झाला, पुढचा द्या' असं प्रोसेसरला ढोसून सांगायची तार म्हणजे इंटरप्ट.

आता या इंटरप्टवरून घराघरांत दोन तट होते. मूळच्या साउंड ब्लास्टरवर तो ७ असायचा. पण ७ हा रिवाजाने प्रिंटरचा. म्हणून पुढे जाणत्या लोकांनी कार्ड ५ वर आणलं. डोंबिवलीला माझ्या आतेभावाकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरही होता आणि साउंड कार्डही होतं, म्हणजे आमच्या नात्यात तो अंबानीच. त्याच्याकडे ५ होता. त्यामुळे माझ्या बोटांना ५ सोडून दुसरा आकडा येतच नाही. डॉसबॉक्स मात्र मुळातून ७ घेऊन येतो.

सेटअपमध्ये मी अर्थातच ५ टाकला. गेम सुरू केला, गोळी झाडली.

ढप्. ढप्. ढप्. ढप्. ढप्.

गोळी एकच झाडली होती. कार्ड बिचारं तुकडा वाजवून ७ च्या तारेवर ओरडत होतं आणि गेम ५ च्या तारेला कान लावून बसला होता. 'झालं' हा निरोप पोहोचलाच नाही, म्हणून कार्ड तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहिलं.

"दार वाजतंय," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज.

"दार नाही गं, इंटरप्ट आहे."

"मग त्याला आत तरी घे."

शहाण्या माणसाने इथे गेममध्ये ५ चा ७ केला असता आणि विषय संपवला असता. पण प्रश्न तत्त्वाचा होता. मी आतेभावाच्या घरात शिकलेला आकडा एका फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी का बदलावा? मी डॉसबॉक्सची सेटिंगची फाइल उघडली, साउंड ब्लास्टरच्या ओळी शोधल्या, आणि त्याचाच ७ खोडून ५ केला. आवाज आला. खणखणीत आला. आधी नीट चालणारे दोन-तीन गेम त्याच क्षणी मुके झाले, कारण त्यांच्याशी पूर्वी ७ वर करार झाला होता. ते मी हसतमुखाने स्वीकारलं.

मग सुरू झाली चरचर. आवाज येतोय, पण मध्ये मध्ये तडतडतोय. कारण असं की एम्युलेटरला जुना प्रोसेसर सबंधच्या सबंध सोंग म्हणून वठवावा लागतो. त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त वेग मागितला की त्याचा दम जातो, आणि दम गेल्याचं पहिलं कानाला कळतं. चित्र एखादा क्षण अडखळलं तर डोळे सांभाळून घेतात. कान अजिबात सांभाळून घेत नाहीत. यावर उपाय म्हणजे कंट्रोल-एफ११ दाबून वेग कमी करायचा. पण माझ्या लॅपटॉपवर एफ११ म्हणजे उजेड कमी. म्हणजे चरचर तशीच आणि वर काळोख. अंधारात राक्षस घुरघुरतायत, मी एफएन, कंट्रोल आणि एफ११ या तिघांना एका हाताने गाठतोय, दुसऱ्या हाताने जीव वाचवतोय. शेवटी परत सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन मिक्सरचा प्रीबफर, म्हणजे वाजवण्याआधी आवाज साठवून ठेवायची मुदत, वाढवला. त्याने चरचर गेली. गोळी मात्र झाडल्यावर किंचित उशिरा वाजायला लागली, पण सरकारी कामाची सवय असलेल्या माणसाला तेवढं चालतं.

एव्हाना अकरा वाजून गेले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. सोसायटीच्या ग्रुपवर नाही, वैयक्तिक, काळजीने: 'तुमच्याकडे कुणाला दम्याचा त्रास होतोय का? आमच्याकडे नेब्युलायझर आहे.' मी 'नाही, आभारी आहे' असं लिहून राक्षसांचा आवाज कमी केला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वडील आले. त्यांनी लॅपटॉप एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला, उचलून खालून पाहिला.

"याची वायर कुठाय?"

या प्रश्नामागे इतिहास आहे. आम्ही वर्तकनगरला दोन खोल्यांत राहायचो आणि वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात रात्रपाळी करायचे. म्हणजे दिवसा झोपायचे. असेंबल केलेला ४८६ कॉम्प्युटर घरात आला तेव्हा त्यात साउंड कार्ड नव्हतं. होता फक्त पेटीतला पीसी स्पीकर. हा स्पीकर एका वेळी एकच सूर काढतो, त्याला आवाज कमी करायचं बटण नसतं, आणि तो काढतो तो सूर झोपलेल्या माणसाच्या बरोबर कवटीत शिरतो. वडिलांनी एका दुपारी स्क्रूड्रायव्हर घेतला, कॅबिनेटचं झाकण काढलं, मदरबोर्डवरून लाल-काळ्या वायरीचा तो छोटा कनेक्टर उपटला, झाकण लावलं आणि झोपले. पुढे एकदा रॅम सैल झाली. असं काही झालं की मशीन बीप देऊन सांगतं, आणि आमचं सांगूच शकत नव्हतं. नुसता काळा पडदा. मेकॅनिक आला, त्याने आधी स्पीकर जोडला, बीप ऐकली, रॅम दाबून बसवली, पैसे घेतले. तो जिना उतरत होता तेव्हा वडील पुन्हा स्क्रूड्रायव्हर शोधत होते.

तर सांगायचं म्हणजे, आम्ही डूम संपूर्ण मुका खेळलो. आवाज माझा धाकटा भाऊ काढायचा. माझ्या शेजारी स्टुलावर बसून, तोंडाने, वडील जागे होणार नाहीत इतक्या हळू. पिस्तुलाचा वेगळा, शॉटगनचा वेगळा, सरकत्या दाराचा वेगळा. डावीकडून राक्षस आला की तो स्टूल उचलून माझ्या डाव्या कानाशी येऊन घुरघुरायचा. स्टिरिओ म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. आतेभावाकडचा खरा आवाज त्याने सुट्टीत एकदाच ऐकला होता; बाकी सगळं स्वतःच्या जोरावर.

वडिलांना मी सांगितलं की आता वायर नसते. त्यांनी "मग बंद कसं करायचं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता झोपायला गेले.

राहिलं होतं संगीत. डूममध्ये संगीताचं कार्ड आणि आवाजाचं कार्ड वेगवेगळं निवडता येतं. जाणकारांचं मत असं की या गेमचं संगीत ऐकावं तर रोलँडच्या साउंड कॅन्व्हासवर, कारण ते मुळात त्यावरच रचलंय. म्हणून मी त्याच पठडीतलं जनरल मिडी निवडून पाहिलं; यात गेम आवाज नाही, तर कुठल्या वाद्यावर कुठला सूर वाजवायचा याच्या नुसत्या सूचना पाठवतो. १९९१ मध्ये ठरलेल्या या मानकात कुठल्या क्रमांकावर कुठलं वाद्य हे पक्कं आहे. त्याआधी जो तो आपल्या मनाने क्रमांक द्यायचा. रोलँडच्याच १९८७ च्या एमटी-३२ चा क्रम वेगळा आहे. त्यासाठी लिहिलेला एखादा जुना साहसगेम जनरल मिडीवर लावून बघा. राजा दरबारात यायला लागला की भलतंच वाद्य वाजतं आणि राजा मात्र गंभीर चेहऱ्याने चालत राहतो. विनोदासाठी मी ते मुद्दाम लावतो.

डूम मिडीवर छान वाजलं. गिटार गिटारसारखी, ढोल ढोलासारखे. मला अजिबात आवडलं नाही. परत यामाहाच्या चिपवर आणलं. तिथे गिटार म्हणजे डब्यात अडकलेली माशी. हे बरोबर. जाणकारांनी काही म्हणो, दात काढायच्या खुर्चीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे, तर तो डूम.

सगळं जुळलं तेव्हा मी भावाला व्हिडिओ पाठवला. तो ऐरोलीला असतो, रात्री जागा असतो. लगेच फोन आला.

"दादा, दार चुकीचं वाजतंय."

"अरे, हा मूळ आवाज आहे. गेममधला."

"असेल. पण दार असं नव्हतं. थांब." आणि त्याने फोनवर दार उघडून दाखवलं. मग बंद करून दाखवलं. वय वर्षे त्रेचाळीस, एका बँकेत जबाबदारीची जागा. मागून वहिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, "कोणाशी बोलताय हो?" असा घाबरलेला आवाज आला.

"शॉटगन ठीक आहे," तो म्हणाला. "पण उशिरा वाजतेय. प्रीबफर वाढवलायस ना? कमी कर. आणि इंटरप्ट किती ठेवलायस?"

"पाच."

"पाच? सात कर. आतेभावाकडे सात होता."

"पाच होता. सातवर प्रिंटर होता."

"प्रिंटर नंतर आला. मी तिथे होतो, तू नव्हतास, तुझी दहावी होती."

मी आतेभावाला कॉन्फरन्सवर घेतलं. पहिल्या दोन रिंगना त्याने उचलला नाही, तिसऱ्या वेळी उचलून त्याने आधी "कोण गेलं?" असं विचारलं.