बर्चेलची सूची

जुन्या वनस्पतिसंग्रहांचे डिजिटायझेशन सुरू झाले की आधी हर्बेरियम शीटचे, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचे, फोटो निघतात आणि संग्राहकाच्या हस्तलिखित वह्या ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणून कपाटातच राहतात. मला हा क्रम मान्य नाही, आणि का ते विल्यम बर्चेलच्या उदाहरणावरून सांगतो.

हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक १८११ मध्ये बैल जुंपलेल्या मोठ्या गाडीतून केपटाउनहून निघाला आणि १८१५ मध्ये परतला, तोवर ५०,००० हून अधिक नमुने जमले होते व त्यांतले बहुतेक वनस्पतींचे होते. वनस्पती गोळा करताना तो क्रमांक घालत गेला आणि कोणत्या क्रमांकाची वनस्पती कुठे, कोणत्या तारखेला मिळाली ते एका सूचीत ओळीने लिहीत गेला. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीने वनस्पतिसंग्रह लंडनजवळच्या क्यू उद्यानाला दिला. सूचीही तिथेच आहे.

आता गंमत पाहा. जिनिव्हाच्या द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने बर्चेलच्या वनस्पतींची वर्णने छापली, तेव्हा हवाला दिला तो याच सूचीतील क्रमांकांचा, आणि ती सूची तर कधी छापलीच गेली नाही! म्हणजे छापील ग्रंथातल्या वर्णनावरून मूळ झाड कुठले हे शोधायला निघालेला अभ्यासक शेवटी त्या हस्ताक्षरापाशीच येऊन पोहोचतो. शिवाय बर्चेलच्या प्रवासवर्णनाचे दोनच खंड निघाले आणि त्यांतली हकीकत ऑगस्ट १८१२ मध्ये थांबते. पुढची जवळजवळ तीन वर्षे तो कुठून कुठे गेला हे जुळवायचे, तर मुख्य आधार या क्रमांकांचाच आहे.

अर्थात एखादी वनस्पती सूचीत नाही म्हणजे ती त्या भागात नव्हतीच, असे म्हणता येणार नाही, कारण गाडी जिकडून गेली तिकडचीच ही नोंद आहे. (आणि त्या गाडीबरोबर राबणाऱ्या खोईखोई या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या सोबत्यांचा वाटा अशा क्रमांकांत दिसत नाही, हेही विसरू नये.)

तरीही अशा वह्या उतरवून घेणे हे कारकुनी काम समजू नये. जुने हस्ताक्षर आणि वनस्पतींची जुनी नावे, दोन्ही कळणारा माणूस त्यासाठी हवा, कारण क्रमांकातला एक आकडा चुकीचा वाचला तर झाड शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडते आणि नकाशावरचा तो चुकीचा ठिपका इतर ठिपक्यांइतकाच खात्रीचा दिसतो. शीटच्या फोटोंसाठी निधी मागणाऱ्यांनी वहीच्या वाचनाचा खर्चही त्याच अर्जात मागावा.