बोअरचं भोक एकच, पण हापसा वेगळा आणि मोटार वेगळी

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गावातले सगळे बोअर बंद करा असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावर तुम्ही म्हणता की हातात स्मार्टफोन धरून दुसऱ्याला मागं जा म्हणणं सोपंय, आणि माझ्या रानात मी काय करायचं ते ग्रामसभेनं का ठरवावं. शिवाय दोन एकरवाल्यानं बोअर सोडून जगायचं कशावर, असंही विचारलंय. हा शेवटचा प्रश्न मला लागलाय, त्याच्यावर येतोच.

मागं जा असं मी म्हणत नाही हो. आमच्या आजीच्या तळहातावरचे जात्याचे घट्टे मी बघितलेत, पिठाची गिरणी बंद करा म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. मळणीयंत्र असू द्या, मोबाईल असू द्या. सांगलीकडं मोहित्यांचे वडगाव इथं 2022 पासून संध्याकाळी 7 ला भोंगा वाजतो आणि पोरांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाईल बंद राहतात, पण मोबाईल कुणी फेकून दिला नाही, वेळ तेवढी गावानं ठरवली. गिरणीत माझं दळण झालं म्हणून तुमच्या डब्यातलं पीठ कमी होत नाही, माझ्या बोअरनं मात्र तुमची विहीर आटू शकते, म्हणून हे एकट्यानं ठरवायचं काम नाही.

आणि बोअर म्हणजे सगळं वाईट असंही नाही. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर गावोगाव बोअर आले ते प्यायच्या पाण्यासाठी, आणि त्यावर बसला हापसा. आपल्या जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कामातून त्या काळात एक दणकट लोखंडी हापसा तयार झाला, जालना पंप म्हणायचे त्याला, त्याच्यावरून सोलापूरचा पंप आणि पुढं इंडिया मार्क टू, जो पार आफ्रिकेपर्यंत गेला. मला याचा लई अभिमान वाटतो. हापशाला दंडात जेवढं बळ तेवढंच पाणी, चार घागरी भरल्या की हात दुखतात आणि माणूस थांबतो. त्याच भोकात सबमर्सिबल सोडली की लाईट जाईपर्यंत ती ओढतच राहते, आणि लाईट रात्रीची असली तर किती ओढलं ते बघायला पण कुणी नसतं. आपल्या पायाखाली काळा पाषाण, पाणी काय ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, पावसानं भरतं ते मुख्यतः वरचंच. पाचशे-सहाशे फुटांवरचं एकदा उपसलं की ते भरून यायला कुणाच्या हयातीचा भरवसा नाही.

आमच्याच घरचं सांगतो. वडलांनी तीन बोअर घेतले, पहिल्या दोन्हींत नुसता फुपाटा निघाला, तिसऱ्याला साडेपाचशे फुटांवर दोन इंच पाणी लागलं, आम्ही पेढे वाटले आणि ऊस लावला. दोन उन्हाळ्यांत शेजारच्या काकांची विहीर कोरडी पडली, त्यांच्या आज्यानं हातानं खोदलेली. आमच्यामुळंच पडली हे सिद्ध करता येणार नाही, पण काका बोलले काहीच नाहीत आणि ते मला अजून सलतं. पुढं 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर, तेव्हा आमचाही बोअर बंदच पडलेला होता.

हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं गावात ठरवलं, प्यायच्या पाण्याला सूट ठेवली, ऊसही सोडला आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिकं ठरवली, तिथं विहिरी आहेत, टीव्ही पण आहे. राज्याचा 2009 चा भूजल कायदा 60 मीटरच्या खालच्या विहिरीला खोल धरतो आणि तिच्यावर बंधनं घालतो, पण बोअरची गाडी रात्री येऊन पहाटे जाते हे तुम्हाला पण माहितीये.

आता तुमचा प्रश्न. ज्याच्याकडं विहीर नाही, कॅनॉल नाही, त्याला आधी बोअर सोड म्हणणं अन्याय आहे, आणि माझ्या लेखात तेच लिहिलं गेलं, तिथं तुम्ही बरोबर. पण खोल जायच्या शर्यतीत तो दोन एकरवालाच आधी मरतो, त्याचा तीनशे फुटांचा बोअर आटला की पलीकडचा आठशेवर जातो, याच्याकडं तेवढे पैसे कुठून येणार. म्हणून लेखातलं 'सगळे बोअर बंद' हे वाक्य काढून तिथं लिहितोय: उसाच्या बोअरची मोटार आधी काढायची, सुरुवात ज्याच्याकडं दोन-तीन बोअर आहेत त्याच्यापासून (त्यात आमचं घर पण आलं), बिनविहिरीच्या चार-पाच जणांत मिळून एक बोअर ठेवायचा, तूर-हरभऱ्याला एक-दोन पाणी द्यायपुरता, आणि गावातला हापसा दुरुस्त करायचा.