पोलो इंग्रजांनी आणला नाही, इथून नेला

‘पोलो हा अस्सल इंग्रजी खेळ. इंग्रजांनी तो भारतात आणला, १८६२ साली कोलकात्यात जगातला पहिला पोलो क्लब काढला आणि आपल्या राजेरजवाड्यांना खेळायला शिकवलं.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्यातलं १८६२ हे साल तेवढं बरोबर आहे.

‘भारतात आणला’ हे साफ उलटं. रॉबर्ट स्टुअर्ट आणि जोसेफ शेरर हे इंग्रज अधिकारी आजच्या आसामातल्या कछारमध्ये नेमणुकीवर होते. तिथे राहणारे मणिपुरी लोक घोड्यावर बसून चेंडू मारताना त्यांनी पाहिले आणि त्यांच्याकडूनच ते हा खेळ शिकले. मणिपुरी नाव सगोल कांगजेई. सगोल म्हणजे घोडा. ‘पोलो’ हा शब्दसुद्धा इंग्रजी नाही, तो लडाखच्या शेजारच्या बाल्टिस्तानातल्या बाल्टी भाषेतल्या ‘पुलू’वरून, म्हणजे चेंडूवरून आलाय. खुद्द इंग्लंडमध्ये पहिला सामना झाला १८६९ साली, कोलकात्याचा क्लब निघून सात वर्षं उलटल्यावर. मग कोणी कुठून काय आणलं?

‘जगातला पहिला क्लब’ म्हणायचं तर मान कछारमधल्याच सिलचर गावचा. याच दोघांनी चहामळेवाल्यांना घेऊन १८५९ साली तो काढला, आणि तीन वर्षांनी कोलकात्याचा. आज चालू असलेल्या पोलो क्लबांत कोलकात्याचा सर्वांत जुना, हे मात्र खरं. तिथला एझरा चषक १८८० पासूनचा आहे. एवढा मोठा मान असताना दुसऱ्याचा कशाला हवा?

‘राजेरजवाड्यांना शिकवलं’ हे वाचून तर वाईटच वाटलं. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मेला, आणि चौगान म्हणजे याच खेळाचा भाऊबंद. अकबर रात्रीच्या अंधारात पळसाच्या लाकडाचे पेटते चेंडू घेऊन खेळायचा. मणिपुरात तर हा खेळ फक्त राजवाड्यापुरता राहिलाच नाही, गावची साधी माणसंही खेळत आली. एका बाजूला सात घोडेस्वार, डोक्याला पागोटं. चेंडू बांबूच्या मुळाचा. गोलचे खांब नाहीत. मैदानाच्या टोकाची रेघ चेंडूने ओलांडली की गोल. घोडं जेमतेम चार-सव्वाचार फुटांचं, आणि चेंडूचा मार चुकावा म्हणून त्याच्या अंगावर गोंडे लोंबत असतात.

इंग्रजांचं श्रेय नाकारायचं नाही. लेखी नियम केले, क्लब काढले, पलटणींबरोबर खेळ जगभर नेला, हे त्यांचंच काम. पण इम्फाळच्या मापाल कांगजेइबुंग मैदानावर आजही सामने होतात, आणि ज्या बुटक्या घोड्यांवर हा खेळ उभा राहिला ते मणिपुरी घोडे आता हजाराच्या आसपासच उरलेत. चरायच्या पाणथळ जागा आटत चालल्यात. फिरणाऱ्या त्या मजकुरात मणिपूरचं नावही नाही.