टीव्ही लावला म्हणून लेकरू इंग्रजी बोलत नाही

पालकांच्या आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही बसवा, लेकरांच्या हाती टॅब द्या, इंग्रजी आपोआप येईल. लेकरू भाषा ऐकूनच शिकतं. ॲपचा उच्चार गुरुजींपेक्षा शुद्ध असतो. मधे मराठी आणायची गरजच नाही. गाडीवाट गावातली पोरं इंटरनेटवर जपानी शिकली, डिसले गुरुजींना क्यूआर कोडवर जागतिक पुरस्कार मिळाला. खर्च एकदाच करायचा. तेव्हा इंग्रजीच्या शिक्षकांवर, त्यांच्या प्रशिक्षणांवर पैसा घालवू नका.

मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. मोबाइल, स्पीकर, टीव्ही माझ्या वर्गात रोज लागतात आणि ते काढून घेतले तर माझी अडचण होईल. पण या मजकुरावर विसंबून गावं लोकवर्गणी काढतायत, पोटाला चिमटा घेऊन पैसे देतायत. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहायला हवा.

‘लेकरू ऐकूनच भाषा शिकतं, टीव्ही तेच ऐकवतो’

अर्धं खरं आहे. ऐकल्याशिवाय भाषा येत नाही. पण घरात लेकरू नुसतं ऐकत नाही. ते काहीतरी बोबडं बोलतं, आई त्याला उत्तर देते, त्याचं अर्धं वाक्य पुरं करते, त्याला काय हवंय ते ओळखते. टीव्ही यातलं काहीच करत नाही. अमेरिकेत संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या चमूने 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या नऊ-दहा महिन्यांच्या बाळांशी काही जणांनी समोर बसून चिनी भाषेत गप्पा मारल्या, खेळणी दाखवली. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक ओळखता यायला लागला, व्हिडिओवाल्यांना आला नाही. आठ वर्षांचं मूल बाळासारखं नसतं, ते व्हिडिओतून चार शब्द नक्की उचलतं. पण शब्द ओळखणं वेगळं आणि बोलणं वेगळं.

हे वर्गात रोज दिसतं. टीव्हीवर फळांचा व्हिडिओ लागला की पोरं एका सुरात ‘ॲपल, मँगो, बनाना’ म्हणतात. पाहुणे आले तर टाळ्या पडतात. मग टीव्ही बंद करून एखाद्या मुलीसमोर पेरू धरा आणि ‘व्हॉट इज धिस?’ विचारा. ती तेवढ्याच उत्साहाने ‘व्हॉट इज धिस?’ म्हणते, कारण व्हिडिओने तिला मागोमाग म्हणायला शिकवलंय. आपल्याला प्रश्न विचारलाय आणि आपण उत्तर द्यायचंय, हे तिला कुणीतरी समोर बसून दाखवावं लागतं. मी आता व्हिडिओ दर अर्ध्या मिनिटाला थांबवते. चित्र तसंच ठेवून एकेकाला विचारते, मग दोघादोघांना एकमेकांना विचारायला लावते. पाच मिनिटांच्या व्हिडिओला सगळा तास लागतो.

‘ॲप असलं की शिक्षक कशाला?’

याचं उत्तर परदेशात शोधायची गरज नाही, ते महाराष्ट्रातच तपासलं गेलंय. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या इंग्रजी कार्यक्रमाचा अभ्यास फँगवेन ही (He), ली लिंडेन आणि मार्गारेट मॅक्लाउड या संशोधकांनी 2008 मध्ये मांडला. पिकटॉक नावाचं एक यंत्र होतं. मुलाने चित्रावर टोक टेकवलं की त्या चित्राचा इंग्रजी शब्द ऐकू यायचा. काही ठिकाणी मुलं या यंत्रावर आपापल्या गतीने शिकली, काही ठिकाणी शिक्षकांनी चित्रकार्डं घेऊन खेळ आणि कृती घेतल्या. इंग्रजी दोन्हींकडे सुधारलं. पण मागे असलेल्या मुलांना शिक्षकांच्या कृतींचा जास्त फायदा झाला आणि आधीच पुढे असलेल्यांना यंत्राचा.

आता आपल्या वर्गांत कोण बसतं ते बघा. तांड्यावरून आलेलं लेकरू, घरात वाचता येणारं कुणी नसलेलं लेकरू. ज्याला सगळ्यात जास्त मदत हवी त्यालाच नुसतं यंत्र सगळ्यात कमी देणार असेल, तर शिक्षक काढून टॅब देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हुशार मुलाला टॅब जरूर द्या, ते पुढे पळेल. तेवढ्या वेळात मी मागच्या चौघांजवळ बसेन. टॅबचा मला दिसणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

नुसती यंत्रं वाटून काय होतं, ते पेरू देशाने पाहिलंय. तिथे ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ योजना ग्रामीण शाळांत राबवली. 2012 मध्ये आलेल्या मूल्यमापनात मुलांच्या हाती संगणक जास्त वेळ दिसला, पण भाषा आणि गणिताच्या चाचण्यांतले गुण वाढले नव्हते.

‘ॲपचा उच्चार गुरुजींपेक्षा शुद्ध’

या मुद्द्यावर आम्ही शिक्षक दुखावतो, पण त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. ते शिकवायची जबाबदारी ज्यांच्यावर पडली त्यांच्यातले बरेच जण स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी शिकलेले. भीती आहे, ती लपवून उपयोग नाही. चांगला आवाज वर्गात आणायला स्पीकर हवाच.

पण आदर्श आवाज ऐकवला म्हणजे उच्चार सुधारला, असं होत नाही. लेकराचं ऐकून कुणीतरी प्रतिसाद द्यावा लागतो. बोललेलं तपासणारी ॲप आहेत. गूगलने 2019 मध्ये ‘बोलो’ आणलं, पुढे त्याचंच ‘रीड अलाँग’ झालं. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलं तिथे मदत करतं, गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर इंटरनेटशिवाय चालतं. घरी शांत कोपऱ्यात ते चांगलं आहे. पण तीस लेकरांच्या वर्गात, पत्र्यावर पाऊस वाजत असताना, लाजऱ्या मुलाचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. बरोबर वाचलेला शब्द दोन-तीनदा चुकीचा ठरला की ते मूल गप्प बसतं.

त्यापेक्षा साधी गोष्ट जास्त चालते. मोबाइलवर त्याचाच आवाज रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवायचा. दुसरीतला एक मुलगा ‘इस्कूल’ म्हणायचा. मी काही बोलले नाही. आधी स्पीकरवरचं वाक्य ऐकवलं, मग त्याचं. त्याने कान मोबाइलला लावला, भुवया वर केल्या आणि ‘मॅडम, पुन्हा घ्या’ म्हणाला. चार-पाच वेळा त्यानेच पुसायला लावलं. शेवटचं त्याला पटलं, तेव्हा तो मोबाइल घेऊन मागच्या बाकावर मित्राला ऐकवायला गेला. त्या मोबाइलमध्ये इंग्रजीचं एकही ॲप नव्हतं.

शिक्षकाचा उच्चार सुधारायचा तर तंत्रज्ञान शिक्षकाकडेही वळवा. 2016 मध्ये ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि महाराष्ट्र शासनाने ‘तेजस’ कार्यक्रम सुरू केला. त्यात शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसायचे, इंग्रजीच्या कृती स्वतः करून बघायचे आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर एकमेकांशी बोलायचे. महागडं काही नाही. उद्याची गोष्ट आज रात्री दोनदा ऐकून आलेली बाई वर्गात घाबरत नाही, आणि तिच्याशी बोलायला लेकरंही घाबरत नाहीत.

‘मराठी मधे आणू नका’

किनवटच्या आदिवासी पाड्यावर, बंजारा तांड्यावर, देगलूर-धर्माबादच्या तेलुगू घरांत, उमरग्याच्या कन्नड घरांत, संभाजीनगरच्या उर्दू मोहल्ल्यात वाढणाऱ्या लेकरासाठी मराठीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी. त्याला पूर्ण इंग्रजीतलं ॲप दिलं की ते चित्रांच्या रंगांवरून बटणं दाबायला शिकतं. तारे मिळतात, प्रगतीची पट्टी हिरवी होते, पालक खूश होतात. काय करायचंय ते त्याच्या घरच्या भाषेत एकदा सांगितलं, तर उरलेला सगळा वेळ इंग्रजीला मिळतो.

त्या ताऱ्यांवर विसंबू नका. नुसतं वाचता येणं म्हणजे कळणं नव्हे, याला आकड्यांचाही आधार आहे. ‘असर 2023’ या शिक्षणाच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 57.3 टक्क्यांना इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आलेल्यांतल्या साधारण एक चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही.

‘गाडीवाट बघा, डिसले गुरुजी बघा’

जरूर बघा, पण पूर्ण बघा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी 2020 ची. मुलांना रोबो आणि तंत्रज्ञानाची ओढ होती म्हणून त्यांनी जपानी निवडली. सुरुवातीला शिक्षकांनी व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप धुंडाळून साहित्य जमवलं. खरं शिक्षण सुरू झालं ते शहरातला एक भाषातज्ज्ञ विनामूल्य ऑनलाइन वर्ग घ्यायला लागल्यावर. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांना वर्गाला बसलेले मित्र शिकवायचे. इंटरनेटने तज्ज्ञ माणूस गावात आणला. ती पोरं माणसांकडून जपानी शिकली.

रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या मुलांना क्यूआर कोडमागे कविता, गोष्टी, व्हिडिओ, गृहपाठ मिळायचे, कारण ते कुणीतरी तयार करून तिथे ठेवले होते आणि तो माणूस त्याच शाळेत शिकवत होता. हा पुरस्कार शिक्षकाला मिळालाय. तोच दाखला देऊन शिक्षक नको म्हणणं मला फार लागतं.

‘खर्च एकदाच’

वीजबिल दर महिन्याला येतं. बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते. दुरुस्तीचं माणूस तालुक्याला असतं. आणि घरच्या मोबाइलवर अभ्यास म्हणाल, तर बीडच्या ऊसतोड कुटुंबांत दिवाळीच्या सुमाराला आई-बाप कारखान्यावर गेले की मोबाइल त्यांच्याबरोबर जातो. लेकरू आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतं. मार्च-एप्रिलपर्यंत त्याच्यासाठी शाळेत जे आहे तेच.

वर्गणी जमली असेल तर मोठ्या टीव्हीआधी एक चांगला चार्जिंगचा स्पीकर, आवाज रेकॉर्ड होईल असे दोन साधे मोबाइल आणि चित्रकार्डांचा संच घ्या. उरलेल्या पैशातून शिक्षकांच्या महिन्यातल्या एका एकत्र बैठकीचा प्रवासखर्च निघतो. समितीच्या बैठकीत ‘टीव्ही चालू आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘या आठवड्यात प्रत्येक लेकरू किती वेळा इंग्रजीत बोललं आणि ते कुणी ऐकलं’ हे विचारा. ते आम्हाला सांगता आलं पाहिजे.