चाळिसाचा आकडा, इकडचा आणि तिकडचा

‘पीयूसी नाही, तर पेट्रोल नाही’ हे धोरण कडकपणे राबवणार, असं परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता कल्ला होता. दादाचं म्हणणं, आधी रस्ते धड करा, मग धूर मोजा. वहिनीचं म्हणणं, पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमध्ये पन्नास रुपये दिले की जो कागद हातात पडतो, त्याचं एवढं कौतुक कशाला? भाच्याने इलेक्ट्रिक गाड्यांच्या टोलमाफीची बातमी टाकली, तर त्याला ‘आधी आपल्या सोसायटीत चार्जिंग पॉइंट लावून दाखव’ असं ऐकून घ्यावं लागलं. आणि सगळं झाल्यावर दादाचं ठरलेलं वाक्य आलं, "तुझं बरंय, तुमच्याकडे लोकांना शिस्त आहे."

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. त्याआधी चाकणला होते. दोन्ही गावांची चूल गाड्यांवरच पेटते. इथे मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश, तिथे चाकण-भोसरीचा पट्टा. त्यामुळे गाड्यांच्या धुराबद्दल बोलायला लागलं की दोन्हीकडे पहिला प्रश्न नोकऱ्यांचा निघतो, आणि तो खोटा नाही. पण शिस्तीच्या गोष्टीला मात्र मी आता कंटाळले आहे. श्टुटगार्टची हवा गेल्या काही वर्षांत सुधारली, हे खरं. ती लोकांच्या शिस्तीने सुधारली नाही. सरकारच्या इच्छाशक्तीने तर नाहीच नाही.

शहर खोलगट जागी वसलेलं, भोवती टेकड्या, वारा जेमतेम. डोंगरावरून रात्री खाली उतरणारी थंड हवा हाच काय तो दिलासा, म्हणून तिच्या वाटेत बांधकाम होऊ नये यासाठी महापालिकेत १९३८ पासून हवामानतज्ज्ञ नेमलेले आहेत. (पुण्याची वेताळ टेकडी फोडून रस्ता काढायला निघालेल्यांनी एवढी एक गोष्ट तरी इथून उचलावी.) या खोलगट भागातून बी १४ नावाचा हमरस्ता जातो. त्यावर नेकारटोर नावाचा चौक आहे आणि तिथून दिवसाला सत्तर हजारांच्या आसपास गाड्या जातात. एका अंगाला उंच इमारतींची रांग, दुसऱ्या अंगाला जुन्या राजवाड्याची बाग. इमारतींना खेटून, फुटपाथवरच, हवा मोजण्याचं केंद्र उभं आहे. पानटपरीएवढंच असेल, छपरावर हवा ओढून घेणारी नळकांडी. बाजूने जाणारं कुणी त्याच्याकडे मान वळवूनही बघत नाही.

जर्मनीतली सगळ्यात घाण हवा इथे, अशी या चौकाची कित्येक वर्षं ख्याती होती. नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः डिझेल गाड्यांतून येणारा वायू, वर्षाच्या सरासरीने घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, असा युरोपियन युनियनचा नियम २०१० पासून बंधनकारक आहे. नेकारटोरला २०१६ साली तो ८२ होता.

आता सरकार कुणाचं होतं ते बघा. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेम्बर्गच्या मुख्यमंत्रिपदावर २०११ पासून विनफ्रीड क्रेचमन, ग्रीन पक्षाचे. वाहतूकमंत्री विनफ्रीड हेर्मान, ग्रीन पक्षाचे. २०१३ पासून श्टुटगार्टचे महापौर फ्रिट्झ कून, तेही ग्रीन पक्षाचे. पर्यावरणाच्या नावावर निवडून आलेली माणसं खालपासून वरपर्यंत बसलेली, आणि तरी आकडा दुप्पट! २०१७ मध्ये डिझेलबंदीचा वाद ऐन भरात असताना, आपण नवी डिझेल गाडी घेतल्याचं क्रेचमन यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. गाड्यांच्या कारखान्यांवर चालणाऱ्या राज्यात मुख्यमंत्री कुठल्याही पक्षाचा असो, कारखानदारांना दुखवायची त्याची छाती होत नाही. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग सरकारने केलं काय? २०१६ च्या जानेवारीपासून ‘सूक्ष्म धुळीचा इशारा’ सुरू केला. वारा पडला की रस्त्यावरच्या मोठ्या बोर्डांवर विनंती झळकायची, कृपया गाडी घरी ठेवा. पुढे अशा दिवशी तिकीटही स्वस्त केलं. मी ते बोर्ड बघितले आहेत, आणि ते वाचत वाचत त्यांच्या खालून निवांत गाडी हाकणारी रांगही बघितली आहे. हीच ती शिस्त. २०१७ मध्ये नेकारटोरजवळ शंभर मीटर लांबीची शेवाळाची भिंत उभारली. शेवाळ धूळ शोषून घेतं म्हणे. रस्त्याकडेच्या उन्हात बरंचसं शेवाळ वाळून गेलं, हवेत मोजण्याजोगा फरक पडला नाही आणि भिंत गुपचूप काढून टाकली. २०२३ च्या हिवाळ्यात मुंबईत रस्ते धुवायचे, पाण्याचे फवारे मारायचे, वेळ पडली तर कृत्रिम पाऊस पाडायचा असं चाललं होतं, तेव्हा मला हीच भिंत आठवली. गाडीला हात न लावता गाडीचा धूर कमी करायची हौस काही आपलीच खासियत नाही.

गाडं हललं ते कोर्टामुळे. डॉइचे उमवेल्टहिल्फे नावाची एक पर्यावरण संस्था आहे. तिने गाडीवाल्यांवर नाही, कंपन्यांवर नाही, थेट राज्य सरकारवर दावा ठोकला: कायद्यात ४० लिहिलंय, तुमच्या चौकात ८२ आहे, तुमचा आराखडा दाखवा. जुलै २०१७ मध्ये श्टुटगार्टच्या प्रशासकीय न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. ग्रीन मुख्यमंत्र्यांचं सरकार त्याविरुद्ध वरच्या कोर्टात गेलं. २७ फेब्रुवारी २०१८ ला लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्या उपायाने भागत नसेल तर डिझेलबंदी करावीच लागेल, मात्र टप्प्याटप्प्याने आणि झेपेल अशी. १ जानेवारी २०१९ पासून युरो ४ (युरोपातला गाड्यांच्या उत्सर्जनाचा वर्ग, आकडा जितका लहान तितकी गाडी जास्त धुराची) आणि त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना श्टुटगार्टमध्ये बंदी आली.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. युरो ५ गाड्यांचं काय, यावर सरकार टाळाटाळ करत राहिलं, तेव्हा कोर्टाने सरकारलाच दंड केला. दहा हजार युरो. पण तो भरायचा वाहतूक मंत्रालयाने आणि जमा व्हायचा राज्याच्याच तिजोरीत! या खिशातून त्या खिशात. जानेवारी २०२० मध्ये कोर्टाने दंड पंचवीस हजारांवर नेला आणि तो तिजोरीत न भरता मुलांच्या कॅन्सरसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायला लावला. त्याच वर्षी १ जुलैपासून शहराच्या मधल्या भागात युरो ५ डिझेललाही बंदी लागू झाली.

लोकांनी हे हसत हसत स्वीकारलं असं कुणी समजू नये. २०१९ च्या सुरुवातीला दर शनिवारी पिवळी जॅकेटं घालून माणसं नेकारटोरला निदर्शनं करत होती. मोजणीचं केंद्र रस्त्याला इतकं चिकटून का, तिथे कोण चोवीस तास उभं राहतं, हा वाद टीव्हीवर रंगला. शंभराहून अधिक डॉक्टरांनी, हे निकषच अवास्तव आहेत, असं पत्रक काढलं. मग एका वर्तमानपत्राने त्यामागच्या हिशेबातल्या ढोबळ चुका दाखवून दिल्या. तपासणीचं म्हणाल तर कॅमेरे नव्हते, पोलिसांनी थांबवलंच तर ८० युरो आणि वर खर्च. कित्येक जण खुशाल गाडी आणत राहिले.

तरी आकडा उतरला. २०१७ मध्ये ७३, २०१८ मध्ये ७१, २०१९ मध्ये ५३, २०२० मध्ये ३८. शेवटच्यात कोरोनाचा हात आहे, पण त्यानंतरही तो चाळिसाच्या वर गेला नाही. श्रेय एकट्या बंदीचं नाही. जुन्या गाड्या झपाट्याने बदलल्या गेल्या, ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लावली, बी १४ वर बससाठी मार्गिका काढली, रस्त्याकडेला हवा गाळणारे खांब उभे केले. २०१९ च्या एप्रिलमध्ये तर बस-रेल्वेच्या तिकिटाचे पन्नासाहून जास्त झोन मोडून पाचच ठेवले. हे सगळं एरवी दहा वर्षं फाइलीत पडून राहिलं असतं. कोर्टाची तारीख डोक्यावर होती म्हणून दोन-तीन वर्षांत उरकलं.

आता पुण्याकडे येते. नायट्रोजन डायऑक्साइडची आपली राष्ट्रीय मर्यादा किती आहे? नोव्हेंबर २००९ च्या अधिसूचनेप्रमाणे, निवासी भागात वर्षाला ४०. अगदी तोच आकडा. मोजायची सोय? नळ स्टॉप, स्वारगेट, भोसरी इथे प्रदूषण नियंत्रण मंडळ वर्षानुवर्षं नमुने घेतं. हवेवर काम करणारी आयआयटीएम पाषाणला आहे, गाड्यांना मान्यता देणारी एआरएआय वेताळ टेकडीवर आहे. ज्ञान म्हणाल तर या बाबतीत पुणं श्टुटगार्टच्या पंगतीला बसेल. फरक एवढाच की नळ स्टॉपचा आकडा चाळिसाच्या वर गेला, तर दुसऱ्या दिवशी कुणाचंही काहीही बिघडत नाही. २०१९ मध्ये केंद्राचा शुद्ध हवा कार्यक्रम आला, त्यात शहरांचा निधी कामगिरीशी जोडला, हे चांगलंच झालं. पण तिथे मोजली जाते मुख्यतः धूळ. मग पैसाही रस्ते झाडण्या-धुण्यावर जातो.

आपल्याकडचा प्रत्येक नवा नियम गाडीवाल्याच्या मानगुटीवर बसतो. पीयूसी काढा, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड. नवी नंबरप्लेट बसवा (आणि मग तिची मुदत २०२५ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत ढकलत न्या). गाडी घेताना पार्किंग दाखवा, असाही प्रस्ताव आला. यातलं एकेक वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पीयूसीचंच घ्या. पंपावरचा पोरगा सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, कागद देतो. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलच्या धुराचा काळेपणा, एवढंच त्यात येतं. नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात नाहीत. इथे जर्मनीतल्या नियमित तपासणीतही ती मोजत नाहीत बरं का! म्हणजे श्टुटगार्टचा प्रश्न नुसती सायलेन्सरमध्ये नळी घालून कधीच कळला नसता. तो रस्त्यावर मोजला, म्हणून कळला.

आणि बसचं काय? २०२५ च्या जूनमध्ये पुण्याच्या शहर बससेवेचा, पीएमपीएमएलचा, दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७० वर गेला, महिन्याचा ९०० वरून १५०० वर. त्याच वर्षी गाडीवाल्याला धुरावरून दम भरायचा, ही कुठली रीत? दादाचा राग खड्ड्यांवर होता. माझा या पासावर आहे.

श्टुटगार्टची नक्कल करावी असंही मला वाटत नाही. बंदीचा फटका कुणाला बसला? माझ्या विभागात एक फोरमन आहे, डोंगरापलीकडच्या गावातून रोज येतो, बस दिवसातून मोजून चार. डिझेल स्वस्त म्हणून घेतलेली त्याची युरो ४ गाडी एका निकालाने मातीमोल झाली. ज्या कंपन्यांच्या गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरंच सोडत होत्या, त्यांनी बहुतेक सॉफ्टवेअर अपडेटवर वेळ मारून नेली. पण एक गोष्ट इथे बरी केली: गाडीचं वय बघितलं नाही, तिचा उत्सर्जनाचा वर्ग बघितला. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल म्हणजे पंपावर इंधन बंद, असा हुकूम निघाला आणि आठवडाभरात गुंडाळावा लागला. वर्षातून तीन हजार किलोमीटर चालणारी निवृत्त शिक्षकाची जुनी गाडी आणि दिवसभर राबणारा टेम्पो एका तागडीत घातल्यावर दुसरं काय होणार?

मुंबईतल्या हवेवरून उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाच्या सांगण्यावरून, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासायला राज्याने समितीही नेमली. ‘कोर्टाने सरकार चालवायचं का?’ असं दादा लगेच विचारेल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कोर्टाच्या हातात समितीच्या अहवालाऐवजी एक ठरलेला आकडा हवा. नळ स्टॉप ४०, स्वारगेट ४०, अमुक वर्षापर्यंत, आणि जबाबदार अमुक सचिव. कसं करायचं ते सरकारने ठरवावं. बस वाढवा, मालट्रकच्या वेळा बदला, रिक्षा बदलायला कर्ज द्या. वाहनांवर निर्बंध घालायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ ने राज्याला आधीच दिलेला आहे, त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही.

आणि हे सगळं परदेशी खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुंबईच्या टॅक्सीत बसावं. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांचा एक मंच उच्च न्यायालयात गेला होता. कोर्टाने तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती बसवली, जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणायचे आदेश निघाले, टॅक्सीवाल्यांनी भरपूर ओरड केली, आणि टॅक्सी सीएनजीवर आल्या. लाइपझिगच्या निकालाच्या कितीतरी आधी.