पालं पडली, कोंबड्या डाला

गेल्या महिन्यात आमच्या घराजवळच्या मैदानावर, म्हणजे इथे बर्मिंगहॅममध्ये, ट्रॅव्हलर लोकांच्या, म्हणजे इथल्या भटक्या समाजाच्या, सात-आठ कॅरॅव्हॅन (चाकांवरची घरं) येऊन थांबल्या. मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच टाकलं, ‘गॅरेजला कुलपं लावा.’ समोरच्या आजीबाईंनी विचारलं, ‘तू नेमकं काय पाहिलंस?’

पाहिलं होतं ते एवढंच : एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती आणि दोन पोरं बादलीतल्या पाण्यानं कुत्रं धूत होती.

कुलपं मी बीडहून आणली होती. गावाबाहेर पारध्यांची पालं पडली, की आमची आजी दिवस मावळायच्या आत कोंबड्या डालायची. कोंबड्या नेल्या त्या मुंगसानं. पण मुंगसाला कुणी शिव्या घातल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात गावाकडच्या ग्रुपवर बातमी आली : ‘पारधी टोळी जेरबंद’. जात छापावी का, यावर तिकडे जुंपली. शाळेतला मित्र म्हणाला, ‘आहे ते लिहिलं, त्यात पूर्वग्रह कसला?’ अरे बाबा, पतसंस्था बुडवणाऱ्या संचालकांची जात कधी मथळ्यात वाचलीस का?

हा मथळा मुळात इंग्रजांचाच. १८७१च्या कायद्यानं त्यांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, झाली. गॅझेटियरांत, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथांत, तर एकेका जातीला दोन-चार विशेषणं चिकटवलेली : कष्टाळू, काटकसरी, अस्वच्छ, लबाड. पण साहेब पालावर जाऊन बसला होता थोडाच! साहेब विचारणार कारकुनाला, कारकून पाटलाला. आणि ज्यांना वेशीच्या आत घेत नाही, त्यांच्याबद्दल पाटील काय सांगणार? ते छापून आलं आणि पुरावा झालं. १९५२ साली कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. विशेषणं काही सुटली नाहीत.

इथे तरी सगळं आलबेल आहे, असं नाही. इथल्या संपादकांच्या आचारसंहितेत वंश, वर्ण, धर्म यांचा उल्लेख बातमीशी खरा संबंध असेल तरच करावा, असं कलम आहे. आपल्याकडे ते काटेकोर पाळलं तर मला हवंच आहे. पण गंमत अशी, की या कलमाचं संरक्षण एकेकट्या माणसाला. अख्ख्या समाजाला नावं ठेवली, तर त्या कलमाखाली दाद नाही.

चौथ्या दिवशी कॅरॅव्हॅन गेल्या. आजीबाईंच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. माझ्या मेसेजखाली अकरा अंगठे आहेत.