आधी पालं, मग पंचनामा

दोन वर्षांपूर्वी आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. तक्रार द्यायला गेलो, तर कागद पुढे ओढायच्या आधीच प्रश्न आला, "जवळपास पारध्यांची पालं आहेत का?" मी म्हणालो, आहेत, फाट्यावर. खोटं नव्हतं, पण बोलून बसलो. त्याच रात्री तिथला एक पोरगा उचलला.

विहिरीवर कुणी येऊन बघितलं असतं तर दिसलं असतं, पाईप कापलेला नव्हता. नटबोल्ट पान्याने बैजवार सोडवलेले. त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती, म्हणजे रात्री रानात कुणी नसणार हे चोराला ठाऊक होतं. महिन्याने मोटार तालुक्याच्या रिवायंडिंगच्या दुकानात सापडली. नेणारा आमच्याच भावकीतला! (त्याला कुणी उचललं नाही. 'समज' दिली.)

त्या पोराची आई नंतर म्हणाली, "तुमची मोटार मोटरसायकलवर मधी धरून न्हेताना बघितलं की म्या. पर सांगू कुणाला?"

पोलीस अनुभवावरून संशय घेतात, असं मित्र म्हणतात. कुणाचा अनुभव? इंग्रजांनी १८७१ पासूनच्या कायद्याने पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवून हजेऱ्या घेतल्या. तिथल्या त्या वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, तरी जीप अजून तोच रस्ता धरते.

बरं, न्याय-बिय बाजूला ठेवा, चोर तरी सापडतात का? न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी २००४ ते २०१२ च्या मध्यापर्यंत ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं. त्यात ८० टक्क्यांहून जास्त काळे आणि हिस्पॅनिक. शंभरातले ८८ जण काहीच न निघाल्याने सोडून द्यावे लागले. हत्यार सापडायचं प्रमाण तर थांबवलेल्या गोऱ्यांतच किंचित जास्त निघालं! २०१३ मध्ये कोर्टाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. आता खून वाढणार, अशी ओरड झाली. २०११ मध्ये तिथे ५१५ खून झाले होते, २०१७ मध्ये २९२. थांबवणं कमी केलं म्हणून खून घटले असं मी म्हणत नाही, पण आभाळही कोसळलं नाही.

पारध्यांत चोर नसतीलच असंही नाही. आमच्या भावकीत आहेत, तसे तिथेही असतील. पण फाट्यावरून रात्री कोण गेलं हे जिला दिसतं, तिच्याच पोराला आधी धरलं, तर खबर कोण देणार?

परवा फाट्यावरून आलो. पालं उठलीत. कुठे गेली, गावात कुणाला माहीत नाही. मोटारीला मी जाळी बसवून घेतलीय.